गाडीदेखत

“इथं नको वहिनी, जरा पलीकडं चला.”

एवढं बोलून भानुदास चालायला लागला. मी त्याच्या मागं. पिकअप स्टँडवर दुपारची सामसूम होती, ड्रायव्हर लोक आपापल्या गाडीच्या सावलीला आडवे झाले होते. मला वाटलं, चार पावलं बाजूला होईल आणि बोलेल. पण हा गडी रस्ता ओलांडून ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीपाशी गेला, टाकीला वळसा घातला, आणि तिथून आपली गाडी दिसत नाही याची मान वाकडी करकरून खात्री केली. तेव्हा कुठं थांबला.

“स्टेरिंग हलकं पडतं,” तो कुजबुजला.

“म्हणजे?”

“म्हंजे वळवलं तर हातात वजनच लागत नाय. नुसतं गरागरा फिरतं, चाक सरळच ऱ्हातं. दोनदा झालं माझं. एकदा बांधावर चढलो, एकदा सपाटीला होतो म्हणून वाचलो. दोन-चारदा इकडं-तिकडं हिसडलं की परत धरतं.”

“अरे देवा! आणि हे सांगायला टाकीमागं कशाला आणलंस मला? लोक काय म्हणतील, दिराला घेऊन कुठं चालली?”

“गाडीदेखत कसं बोलायचं?”

“का? कान असतात व्हय तिला? कुठायत ते दाखव, सोन्याच्या बाळ्या घालते.”

भानुदास हसला नाही. “चेष्टा करू नका वहिनी. पोट हाय आमचं ते. तिच्या तोंडावर तिला नावं ठिवली की ऐन उतारावर दगा देती. तुम्हांला नाय कळायचं.”

मला कळायचं नाही ते खरंच. पण त्या वेळी मी त्याच्या बोलण्याकडं लक्षच दिलं नाही. माझं सगळं ध्यान त्या एका वाक्यावर होतं. स्टेरिंग हलकं पडतं. म्हणजे आमचे हे खोटं बोलत नव्हते. मला टाकीमागंच रडू फुटलं, आणि भानुदासही डोळ्याला उपरणं लावून उभा राहिला. त्याची आई जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

भानुदास म्हणजे आमच्या ह्यांचा मावसभाऊ. ह्यांची आई हे रांगत असतानाच वारली. गिरजामावशीनं ह्यांना आपल्या घरी नेलं आणि भानुदासच्या बरोबरीनं वाढवलं. एका ताटात दोघांना जेवू घालायची, एकाच काठीनं दोघांना बडवायची. माझं लग्न तिनंच लावून दिलं. पहिल्या दिवशी मला म्हणाली, “शालन, माझा सोपान जरा भित्रा हाय, त्याला जपून ऐकव.” मी कसली जपून ऐकवते! पण सासू म्हणावी तर तीच, आणि आई म्हणावी तरी तीच.

त्या दिवशी हे वाटाणा भरून पुण्याच्या बाजाराला निघाले होते. मावशीला डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवायचं होतं, म्हणून तिला शेजारी बसवून घेतलं. सकाळची वेळ, रस्ता कोरडा, घाटाचा उतार. वळणावर ह्यांनी स्टेरिंग फिरवलं आणि गाडी सरळ गेली. कठड्यावर आपटली. ह्यांच्या छातीची हाडं मोडली. मावशी जागेवरच गेली.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून ह्यांचं एकच चाललं होतं. “शालन, मी वळवलं गं. मी वळवलं, चाक वळलं नाय.” मला सांगायचे, नर्सला सांगायचे, शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसाला सांगायचे. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा त्यांनाही तेच. पोलिसांनी ऐकून घेतलं आणि चालकाला झापड लागल्यानं अपघात झाला असा गुन्हा नोंदवला. गाडी तपासणारे म्हणाले, पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याचा जोड तुटलाय खरा, पण तो कठड्याच्या धडकेनं तुटला असणार. नवीच तर गाडी आहे, दीड वर्षाची. मोठी, दोन टन ओढणारी, ‘गजबल’ नावाची. त्या साली आमच्या भागात सगळ्यांनी तीच घेतली होती.

तुरुंगाची ह्यांना भीती नव्हती. मला म्हणायचे, “जेलात टाकू दे नायतर फासावर चढवू दे. पण मावशीला मी मारली असं नको लिहायला त्यांनी.” भित्रा माणूस, पण तेवढ्या एका गोष्टीवर घट्ट उभा होता. रात्री झोपेत हात असे फिरायचे, वळवल्यासारखे.

मग मी कंबर कसली. दहावीपर्यंत शिकलेली बाई मी, तेवढं शिक्षण पुरलं. अर्ज केले, फोन केले, फोनवरच्या बायांशी भांडले. एक बाई मला म्हणाली, “मॅडम, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.” मी म्हणलं, “मग तुझं नाव सांग बाई, म्हणजे मला कळू दे कुणासाठी महत्त्वाची आहे.” तिनं फोन ठेवला. तरी मी सोडलं नाही, आणि शेवटी गाड्यांच्या दोषांचा तपास करणाऱ्या सरकारी खात्यातनं कर्णिक म्हणून एक साहेब होते, त्यांचा फोन आला. माणूस सरळ होता, पहिल्यांदाच कुणी माझं बोलणं मधे न तोडता ऐकलं.

“ताई, एका गाडीवरून दोष ठरत नाही,” ते म्हणाले. “तुमच्या गाडीचा जोड धडकेच्या आधी सुटला की धडकेनं, हे आता कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण हाच त्रास इतर मालकांना झाला असेल, आणि त्यांनी तसं सांगितलं, तर मी त्यांच्या गाड्यांचे जोड काढून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. मग कंपनीला उत्तर द्यावं लागेल. तुमच्या मिस्टरांच्या केसलाही त्याचा आधार होईल.”

“आणि त्यांनी सांगितलं नाही तर?”

“मालकाची तक्रार नसेल तर मला चांगल्या गाडीला हात लावता येत नाही. आहेत का असे लोक?”

“ढिगानं आहेत साहेब.”

“बोलतील ते?”

“बोलतात की! मला सगळ्यांनी सांगितलंय.”

आणि ते खरंच होतं. भानुदासनं सांगितल्यावर मी एकेकाला गाठत सुटले होते. पोपट कामथेनं मला न्हाव्याच्या दुकानात सांगितलं, अर्ध्या दाढीनं. दत्तू झेंडे देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत गेला, घंटा वाजवली आणि मग म्हणाला, “हो काकी, माझंबी हलकं पडतं.” एकानं तर मला त्याच्या सासुरवाडीला बोलावलं, दुसऱ्या गावात! प्रत्येकजण गाडी सोडून चालत यायचा. मला हसू यायचं. घरी येऊन ह्यांना सांगायचे, “तुमचे मित्र म्हणजे अगदी सुनेपासून चोरून सासूला चुगल्या सांगाव्यात तसे बोलतात.” हे खाटेवर पडल्या पडल्या विचारायचे, “भान्या काय म्हणाला? खरंच म्हणाला, हलकं पडतं?” मी म्हणायचे, “दोनदा पडलं म्हणाला.” मग त्यांना झोप लागायची.

साहेबांनी दिवस ठरवला. सगळ्या मालकांनी गाड्या घेऊन मार्केट यार्डात यायचं, गाड्या तिथंच बघता येतील. निरोप देण्याचं काम नाना कुंजीरांकडं गेलं, ते पिकअपवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. नाना भला माणूस, पण त्याला कुठलीही गोष्ट समारंभाशिवाय करता येत नाही.

त्या दिवशी मी ह्यांना रिक्षात घालून यार्डात नेलं. छातीला पट्टा होता, पण दाढी केलेली, पांढरा सदरा घातलेला. वाटेत माझा हात धरून म्हणाले, “आज मावशीला बरं वाटंल बघ.” रिक्षा यार्डाच्या फाटकातनं आत वळली आणि मी रिक्षावाल्याला तिथंच थांबायला सांगितलं.

सगळ्या गजबल एका रांगेत उभ्या होत्या. धुतलेल्या, पुसलेल्या. प्रत्येकीला झेंडूचा हार. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढं नारळ, चाकाखाली लिंबू. खंडेनवमीला असतं तसं सगळं. प्रत्येक मालक इस्त्रीचे कपडे घालून आपापल्या गाडीशेजारी उभा.

“नाना, हे काय केलं तुम्ही?” मी म्हणलं.

“अगं, दिल्लीहून साहेब यायचेत. त्यांना काय मळक्या गाड्या दाखवायच्या? गावाची इज्जत हाय.”

“अहो, गाड्यांत खोट आहे ते सांगायला बोलावलंय आपण त्यांना! कौतुक करायला नाही.”

नानांनी जीभ चावली आणि पटकन जवळच्या गाडीच्या बॉनेटला हात लावून कपाळाला लावला. मला दटावून म्हणाले, “हळू बोल पोरी. इथं नको तसलं.”

साहेब आले. त्यांच्याबरोबर कंपनीचा एक तरुण पोरगा होता, स्वच्छ शर्टातला. तो दिवसभरात एक अक्षर बोलला नाही. बोलायची गरजच पडली नाही त्याला. नानांनी दोघांना शाल आणि नारळ दिला. मग कर्णिक साहेब रांगेच्या एका टोकापासून सुरू झाले. पहिला पोपट कामथे.

“गाडी कशी आहे?”

पोपटनं उजवा हात बॉनेटवर ठेवला. “झ्याक हाय साहेब.”

“स्टेअरिंगचा काही त्रास? अचानक हलकं होणं, वळवलं आणि चाक न वळणं?”

पोपटनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा हाराकडं. “नाय साहेब. लक्ष्मी हाय. आजपतूर एका शब्दानं त्रास नाय दिला.”

“पोपटराव!” मी तिथनंच ओरडले. “अर्धी दाढी आठवती का? काय म्हणाला होता?”

लोक हसले. पोपटनं मान खाली घातली. साहेबांनी मला हातानं थांबवलं आणि पुढं गेले. दुसरा म्हणाला, घरची थोरली लेक हाय ही. दत्तू झेंडे म्हणाला, हिच्यामुळं माझं घर उभं राहिलं. तो तर गाडीच्या पाया पडला, साहेबांच्या समोर. कुणीही घाबरलेलं नव्हतं, साहेबांना तर अजिबातच नाही. कुणी त्यांना धमकावलं नव्हतं. सगळ्यांचा हात मात्र गाडीवर होता.

मी पुढं धावले. “साहेब, ह्यांना गाडीपासून लांब न्या. एकेकाला टाकीमागं न्या, मग विचारा. मग बघा काय सांगतात.”

“गाडीपासून लांब?” साहेबांना काही समजेना. “का?”

“गाडीदेखत बोलत नाहीत ते.”

कंपनीच्या पोरानं खाली बघितलं. हसू दाबत असेल. नाना साहेबांच्या कानाशी लागून म्हणाले, तरी मला ऐकू आलंच, “बाईनं धसका घेतलाय जरा. नवरा अडकलाय ना.”

साहेब भले होते. त्यांनी तेही करून बघितलं. चार-पाच जणांना बाजूला ऑफिसात बोलावलं. पण ऑफिसच्या खिडकीतनं अख्खी रांग दिसत होती. आणि एकदा गाडीवर हात ठेवून बोललेलं आता माणूस फिरवणार कसा? आत जाऊनही सगळ्यांनी तेच सांगितलं.

शेवटी भानुदास राहिला. मला धीर होता. म्हणलं, बाकीचे गेले खड्ड्यात, एक भानुदास बोलला तरी पुरे. त्याची आई गेलीय. एक गाडी उघडली तरी साहेबांना जोड सापडेल.

भानुदासच्या गाडीला सगळ्यात मोठा हार होता. आत काचेजवळ मावशीचा छोटा फोटो लावला होता, त्यालाही एक फूल. साहेबांनी फोटोकडं बघितलं, आवाज खाली आणला.

“तुमच्या आई ना त्या? तुमच्या गाडीला कधी असा त्रास झाला का?”

भानुदासच्या ओठांची नुसती हालचाल झाली. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल रे बाबा, बोल. एवढ्यात बाकावर बसलेले आमचे हे उठले. छातीला हात लावून, एकेक पाऊल टाकत त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

“भान्या,” हे म्हणाले, “मला सांग. तुझं कधी हलकं पडलं?”

भानुदासनं ह्यांच्या तोंडाकडं बघितलंच नाही. गाडीच्या काचेकडं बघत राहिला. त्याचा हात बॉनेटवर इतका घट्ट दाबलेला की बोटं पांढरी झाली.

“नाय दादा,” तो म्हणाला. “कधीच नाय.”

मी काय काय बोलले ते मला आता धड आठवत नाही. शिव्या दिल्या असणार. दोन बायकांनी मला धरलं होतं. पण ह्यांचा चेहरा मला नीट आठवतो. राग नव्हता त्यावर. हे नुसते विचारात पडल्यासारखे भानुदासकडं बघत होते. हिशेब चुकल्यावर माणूस पुन्हा पहिल्यापासून बेरीज करतो, तसे.

साहेब ह्यांच्याकडं वळले. “सोपानराव, तुम्ही काय सांगाल? त्या दिवशी नेमकं काय झालं?”

“मी वळवलं...” ह्यांनी सुरुवात केली. मग थांबले. रांगेकडं बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. “साहेब, एवढ्या जणांच्या गाड्या चांगल्या आहेत म्हणल्यावर... माझाच डोळा लागला असंल.”

“असेल, की लागला होता?”

“अहो, काय बोलताय!” मी ओरडले.

“लागला असंल,” हे पुन्हा म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

साहेब जाताना मला म्हणाले, “ताई, मला वाईट वाटतंय. पण एकही तक्रार नाही. आता तर तुमचे मिस्टरही...” मी म्हणलं, “जा साहेब. तुमचा काही दोष नाही.” नानांनी त्यांना बळंच सीताफळांची पाटी दिली.

भानुदासला मी यार्डामागच्या गल्लीत गाठलं. गाडी लांब होती. त्याची कॉलर धरली मी, मोठी वहिनी असून.

“आता बोल की! आता कुठायत तिचे कान?”

“उद्या मला तिच्यातच बसायचंय वहिनी,” तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. “पोरं शाळेला तिच्यातच बसत्यात. रोज तोच घाट उतरायचाय. एकदा मोठ्यानं बोललो ना, की मला उद्या किल्ली फिरवता येणार नाय. हात धजायचा नाय माझा.”

“आणि तुझी आई गेली त्याचं?”

“आई गेलीच हो वहिनी,” तो म्हणाला आणि तिथंच खाली बसून ढसाढसा रडला. मी कॉलर सोडली. त्याला मारावं की जवळ घ्यावं, कळेना. दोन्हीपैकी काहीच केलं नाही, निघून आले.

घरी आल्यावर मी ह्यांच्यावर तोंड सोडलं. “तुम्हांला वेड लागलंय का? तुम्ही जागे होता. वळवलं होतं तुम्ही. मला हजार वेळा सांगितलंय.”

“सांगितलं,” हे म्हणाले. “मला तसंच वाटत व्हतं.”

“वाटत नव्हतं, तसंच होतं! ते सगळे खोटं बोलले. भानुदासही खोटं बोलला.”

“बाकीचे बोलले असतील खोटं,” हे अगदी शांतपणे म्हणाले. “पण भान्या कशाला बोलंल? त्याची आई व्हती ती. गाडीत खोट असती तर सगळ्यात आधी तो बोलला असता.”

मी त्यांना टाकीमागचं सगळं सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, मावशीची शपथ घेऊन सांगितलं. हे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “तुला बरं वाटावं म्हणून म्हणाला असंल तो.” भानुदासला मी हाताला धरून आणणार होते, पण तो आमच्या दारात यायचाच बंद झाला. रस्त्यात दिसला तर वाट बदलायचा. आणि ह्यांना वाटायचं, आपण त्याच्या आईला मारलं म्हणून भान्या आपलं तोंड बघत नाही.

कोर्टात वकिलांनी शिकवून शिकवून पाठवलं होतं. जज्जांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? हे म्हणाले, “व्हय साहेब, डोळा लागला.” आणि मग न विचारता वर सांगितलं, “मला सकाळी निघतानाच सुस्ती व्हती.” निघताना कसली आलीय सुस्ती! मी स्वतः चहा केला होता, मावशीशी चेष्टामस्करी करत हे गाडीत चढले होते. पण आता ह्यांना तसं आठवायला लागलं होतं. पुढं पुढं तर सगळंच आठवायला लागलं. पापण्या कशा जड झाल्या, मावशीचं बोलणं कसं लांबून आल्यासारखं वाटलं. मला सांगायचे, आणि मी कानांवर हात ठेवायचे.

शिक्षा फार नव्हती. भोगून आले. आल्यावर पुन्हा स्टेरिंगला हात लावला नाही. दुसऱ्याच्या अंजिराच्या बागेत कामाला जायला लागले, चालत. झोपेतले हात फिरायचे थांबले. मला आधी वाटलं, बरं झालं. मग कळलं, का थांबले ते.

त्याच्यानंतर तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी, कंपनीनं तालुक्याला गजबलवाल्यांसाठी मोफत तपासणीचं शिबिर ठेवलं. ऑइल बदलून मिळणार, वर एक टोपी. सगळे गेले. संध्याकाळी भानुदास आमच्या दारात उभा. इतक्या दिवसांनी. केस पिकले होते त्याचे. आत आला, ह्यांच्यासमोर जमिनीवरच बसला.

“दादा,” तो म्हणाला, “त्यांनी सगळ्यांचा पुढचा जोड बदलला. कुणी तक्रार केली नाय, कुणी मागितला नाय, तरी सगळ्यांचा बदलला. नवा जोड जाड हाय. मी तिथल्या मेस्त्रीला विचारलं, का बदलताय? तो म्हणला, वरनं हुकूम हाय, जुना काढून घ्यायचा, कुणाला द्यायचा नाय.”

मी ह्यांचा खांदा धरून हलवला. “ऐकलंत का? अहो, ऐकलंत का तुम्ही?”

“माझंबी हलकं पडायचं, दादा,” भानुदास म्हणाला. “तुझ्या आधी दोनदा पडलं व्हतं. मी यार्डात खोटं बोललो. वहिनींना म्हायती हाय. सगळेच खोटं बोलले. तू वळवलं व्हतंस. आईला तू नाय मारलं.” आणि त्यानं ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते. वाटलं, आता उठतील. आता भानुदासच्या थोबाडीत देतील, नाहीतर गळ्यात पडून रडतील. काहीही करतील. त्या एका वाक्यासाठी मी किती दारं झिजवली होती, आणि ते वाक्य माझ्या घरात चालत आलं होतं.

ह्यांनी भानुदासचं डोकं उचललं. त्याच्या केसांवरनं हात फिरवला, लहानपणी मावशी फिरवायची तसा.

“भान्या, तुझं मन मोठं हाय,” हे म्हणाले. “माझ्यासाठी एवढं खोटं बोलू नगं. माझा डोळा लागला व्हता रे. मला चांगलं आठवतंय.”

“दादा, खरं सांगतोय मी! वहिनींना इचार.”

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मायेनंच पाहिलं.

“तिचं नको मनावर घेऊस,” हे म्हणाले. “बायको हाय माझी. ती असंच म्हणणार.”

भानुदास माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं.

“चहा टाक गं,” हे मला म्हणाले. “किती दिवसांनी आलाय तो.”

मी आत गेले आणि चहा टाकला.